समोरच्या भिंतीचा उजेड

भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरच्या फॅक्टरीत पस्तीस वर्षं वायरमन म्हणून काढली की माणसाला एक खोड लागते. कुणाच्याही घरी गेला की तो आधी छताकडे पाहतो, मग यजमानाकडे. केशवराव खोब्रागडेंना ती खोड होती आणि एकाहत्तराव्या वर्षी ती सुटायचं काही कारण नव्हतं. त्यातून आता घर त्यांच्याच मुलाचं होतं.

अश्विनने शहापूरच्या अलीकडे, हायवेला लागून पडलेल्या नव्या लेआउटमध्ये दुमजली घर बांधलं. सीलिंगचं काम सुरू झालं तसे केशवराव रोज सकाळी चहा घेऊन तिथे जाऊन बसायचे. रंगाची रिकामी बादली उपडी घालायची, तिच्यावर बूड टेकायचं आणि मान वर करायची. दहा फुटांवर चांगलं सिमेंटचं छत असताना त्याच्याखाली पांढऱ्या बोर्डाचं दुसरं छत टांगायचं, आणि मधल्या पोकळीत सगळ्या वायरी, सगळे जोड, सगळी भानगड दडवून टाकायची, ह्याला आजकाल डिझाइन म्हणतात. त्यांच्या काळी वायर पट्टीवरून उघडी जायची. कुठून आली, कुठे गेली, शेंबडं पोरही सांगायचं. पण हे मनातलं ते बोलत नसत. पोराची हौस होती, आणि बापाने हौसेत नाक खुपसू नये एवढं त्यांना कळत होतं.

शिवाय काम करणारा संघपाल होता. फॅक्टरीच्या क्वार्टरच्या मागच्या चाळीत वाढलेला हा पोरगा, ह्याच्या हातात पहिला टेस्टर केशवरावांनीच दिलेला. आज भंडाऱ्यात सीलिंग आणि लायटिंग म्हटलं की लोक संघपालचं नाव घेतात, चार माणसं त्याच्या हाताखाली राबतात. नागपूरचा डिझायनर गाडीतून दोनदा आला, चष्मा कपाळावर चढवून भिंतींकडे पाहिलं आणि एक मोठा कागद देऊन गेला. बाकी सगळं संघपालने निस्तरलं.

नव्या घरात केशवरावांनी एकच गोष्ट मागितली होती.

क्वार्टरमध्ये दार उघडलं की समोरच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो असायचा. अडीच फूट उंच, सागवानी चौकट. अश्विन झाला त्या वर्षी दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले होते तेव्हा केशवराव आणि त्यांच्या बायकोने, तुळसाने, तो घेतला आणि एस.टी.त आळीपाळीने मांडीवर धरून आणला. त्याच्यावर एक झिरोचा बल्ब, दिवसरात्र चालू. त्या फोटोखाली बसून अश्विन दहावी झाला, इंजिनिअर झाला, बँकेत अधिकारी झाला. आल्यागेल्याला दारातच कळायचं की हे घर कुणाचं. फॅक्टरीत कुणी मुद्दाम आडनाव विचारलं तर केशवराव सांगायचे, आणि समोरच्याने ऐकून न ऐकल्यासारखं केलं तर पुन्हा सांगायचे, जरा मोठ्याने.

"अश्विन, मले बाकी काही नोको," त्यांनी काम सुरू व्हायच्या आधीच सांगितलं होतं. "समोरच्या भिंतीवर फोटोले एक लाइट पाहिजे. झिरोचा नोको. तुह्या घराले शोभंल असा लाव."

"हो बाबा, डिझायनरला सांगतो," अश्विन मोबाइलमध्ये पाहत म्हणाला.

आणि खरोखर, कागदावर तो दिवा होता. इंग्रजी बारीक अक्षरं केशवरावांना वाचता येत नव्हती, पण नकाशा त्यांना वाचता येत होता. छतात एक लांब काळी पट्टी, तिला चुंबकाने चिकटणारे दिवे, हवे तिथे सरकवा, हवे तिकडे वळवा. त्यातल्या एका दिव्यापासून निघालेला बाण नेमका समोरच्या भिंतीवर जाऊन थांबला होता. सुताराने त्या भिंतीला एक अरुंद फळीही ठोकली होती. केशवरावांनी फळीवरून हात फिरवला आणि त्यांना पोराचं कौतुक वाटलं. फुलं आणि मेणबत्ती ठेवायची सोय त्याने न सांगता केली होती.

"हा दिवा मी लावतो," ते संघपालला म्हणाले.

"काकाजी, तुमी कायले वर चढता? पोरं हायेत ना."

"मी लावतो म्हनलं ना."

काचेच्या फोटोवर दिवा मारणं सोपं नाही. जवळून मारला तर काच चमकते आणि चेहरा दिसत नाही, फार वरून मारला तर चौकटीची सावली कपाळावर पडते. केशवरावांनी घरून आपलं निवृत्तीचं मानपत्र आणलं, त्यालाही तशीच काच होती. ते फळीवर टेकवून ठेवलं. मग घोडीवर चढायचं, दिवा बोटभर सरकवायचा, खाली उतरायचं, सोफ्याच्या जागी बादलीवर बसून पाहायचं, परत चढायचं. असं अकरा वेळा झालं. शेवटी काच पाण्यासारखी स्वच्छ झाली आणि मानपत्रावरचं अक्षर न् अक्षर लागलं. गुडघे दुखत होते, पण ते सुखाने दुखत होते.

"कसा हाये?" त्यांनी विचारलं.

"एकदम बराबर, काकाजी," संघपाल म्हणाला आणि पलीकडच्या खोलीत निघून गेला.

त्याची मान खाली होती हे केशवरावांनी पाहिलं. कामाचा ताण असेल असं त्यांना वाटलं.

रविवारी गृहप्रवेश होता. सकाळी वंदना झाली. सानगडीहून, मूळ गावाहून, नातलग आले होते. फोटो फळीवर टेकवून ठेवला, हार घातला, मेणबत्त्या लावल्या आणि केशवरावांनी स्वतः बटण दाबलं. सगळ्यांच्या माना एकदम वर झाल्या. चुलतभावाची बायको देवकाबाई पुढे जाऊन पाहून आली.

"भाऊजी, काच हाये का नाई तेच समजत नाई," ती म्हणाली. "जसे समोरच बसले हायेत."

केशवरावांना तुळसाची आठवण आली. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. ती असती तर म्हणाली असती, लाइट बिल किती येईल ते सांगा आधी.

"खिळा आजच ठोकू का?" त्यांनी अश्विनला विचारलं.

"उद्या, बाबा. रंग ओला आहे."

जेवणं झाली, तीनपर्यंत नातलग गेले. केशवराव बाहेर मांडवात खुर्चीवर कलंडले आणि त्यांचा डोळा लागला. चारच्या सुमारास जाग आली. ते आत आले तर जमिनीवर थर्माकोलचे पांढरे मणी पसरले होते आणि सून मनाली ते झाडूने गोळा करत होती. फळीवर फोटो नव्हता. त्या जागी सोनेरी रंगाचं बुद्धाचं डोकं होतं. नुसतं डोकं, मानेपर्यंत, काळ्या ठोकळ्यावर बसवलेलं. मोठ्या दुकानात कुंड्या आणि घड्याळं मिळतात तिथे मिळतं तसं.

दिवा त्याच्यावर अगदी बरोबर पडला होता.

"हे काय व्हय?" केशवरावांनी विचारलं.

"बुद्धच आहेत, बाबा," अश्विन म्हणाला. उत्तर इतक्या पटकन आलं की ते आधीपासून तयार होतं हे कुणालाही कळलं असतं.

"फोटो कुठं हाये?"

"वर तुमच्या खोलीत. तुमच्या पलंगासमोर लावू. उठल्या उठल्या दर्शन होईल तुम्हाला."

"इथं काहून नाई?"

अश्विनने एकदा दाराकडे पाहिलं. "आता ऑफिसची माणसं येतील. मोठे साहेब येणार आहेत, माझ्या प्रमोशनचं त्यांच्याच हातात आहे. मी काही लपवत नाही, बाबा. पण दारातच सांगायचं कशाला? बुद्ध काय, सगळ्यांच्याच घरी असतात."

"म्हनूनच ठेवला तू," केशवराव म्हणाले.

मनाली मणी गोळा करत राहिली. केशवरावांना पुष्कळ बोलायचं होतं, पण पोराने त्यांना असं पकडलं होतं की तोंड उघडायची सोय ठेवली नव्हती. बुद्ध नको असं ते कोणत्या तोंडाने म्हणणार? त्यांच्या बापाने छप्पन साली ह्याच नावाची दीक्षा घेतली, तीन वर्षांच्या केशवला खांद्यावर बसवून. त्यांना आपल्याच विहारातून हाकलल्यासारखं वाटलं, आणि तेही हात जोडून.

ते तडक बाहेर आले. गॅलरीतला एक दिवा लुकलुकत होता म्हणून संघपाल आला होता. काम आटोपून तो पिशवीत पक्कड भरत होता.

"तुले मालूम होतं?"

संघपालने कशाबद्दल ते विचारलं नाही. "हो, काकाजी. ड्रॉइंगवर लिवलंच होतं. बुद्धा शोपीस."

"मंग माह्या हातानं काहून लावून घेतला तो दिवा?"

"तुमी येवढे खुशीत होते. मले सांगवलं नाई." त्याने पिशवीची चेन ओढली. "आन काकाजी, घर त्यायचं हाये. मले याच लाइनीत पोट भराचं हाये. अशी चार घरं केली मी या वर्षी, आपल्याच लोकायची. चारही घरी फोटो वरच्या खोलीत."

"मी तुले टेस्टर धरनं शिकवलं. खोटं बोलनं नाई शिकवलं."

"मी खोटं कुठं बोललो? मी बोललोच नाई."

"तेच तर," केशवराव म्हणाले. "मूग गिळून बसले तुमी सारे. येऊ दे त्यायले. मी सांगतो आमी कोन ते. तू जाऊ नोको, संघपाल. थांब, आन ऐकून जाय."

साडेपाचला माणसं आली. मोठे साहेब उंच, हसरे, बोलायला गोड. तसा माणूस वाईट नव्हता, आणि हे लक्षात ठेवलेलं बरं, कारण वाईट माणसाशी भांडता येतं. त्यांनी सगळं घर फिरून पाहिलं, सीलिंगचं कौतुक केलं आणि समोरच्या भिंतीपाशी येऊन थांबले.

"वा! काय लाइट मारलाय. कोणी केलं?"

"नागपूरचा डिझायनर आहे, सर," अश्विन म्हणाला.

केशवराव सोफ्यावर बसले होते. दाराशी संघपाल हातात चहाचा कप धरून उभा होता.

साहेब त्यांच्याशेजारीच येऊन बसले. "बुद्ध घरात असला की कसं शांत वाटतं, नाही का काका? आमच्याकडे तीन आहेत. मिसेसना फार आवड. एक हॉलमध्ये, एक बागेत आणि एक वॉश बेसिनजवळ, त्याच्या डोक्यावर छोटंसं रोप लावलंय."

केशवरावांनी मान हलवली. आता, ते मनात म्हणाले. आता सांगायचं.

आणि जणू त्यांच्याच मदतीला यावं तसं साहेबांनी विचारलं, "मी इथे नवीनच आलोय, आणि अश्विनचं सगळीकडे नुसतं अश्विन के. असतं. तुमचं आडनाव काय हो, काका?"

प्रश्नात काही नव्हतं. नागपूरपासून गोंदियापर्यंत हा प्रश्न माणसं चहा पिता पिता विचारतात. केशवरावांनी मान वर केली. समोर अश्विन काजूचा ट्रे घेऊन उभा होता. त्याच्या वरच्या ओठावर घाम आला होता आणि ट्रे थोडासा हलत होता. चौथीत गणिताचा पेपर बिघडवून घरी आला होता तेव्हा तो असाच दारात उभा होता, आणि त्या दिवशी केशवरावांनी त्याला मारलं नव्हतं.

"आमी सानगडीचे," केशवराव म्हणाले.

"अच्छा, साकोलीकडचे! धानाची शेती असेल मग. म्हणजे पाटील वगैरे?"

केशवराव हसले. फक्त हसले, हो म्हणाले नाहीत. पण ज्याला हो ऐकायचं होतं त्याला ते ऐकू आलं. साहेबांनी त्यांच्या गुडघ्यावर थाप मारली आणि काजू उचलला. अश्विनचा ट्रे हलायचा थांबला.

दाराशी संघपालने कप खाली ठेवला. त्याने केशवरावांकडे पाहिलं. त्या पाहण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. तिथे नुसती ओळख होती. मग पिशवी उचलून तो निघून गेला.

केशवराव थोडा वेळ बसले आणि मग पाय दुखतात असं सांगून जिना चढले. त्यांच्या खोलीचं सीलिंगही नवं होतं, कडेने लपवलेल्या दिव्यांचा मऊ उजेड, कुठून येतो ते दिसू नये असा. फोटो भिंतीला टेकवून ठेवला होता. काच फुटू नये म्हणून मनालीने त्याचं तोंड भिंतीकडे केलं होतं. मागचा पुठ्ठा दिसत होता आणि त्याच्यावर तुळसाने पेनाने घातलेली तारीख.

दुपारी हे पाहिलं असतं तर त्यांनी घर डोक्यावर घेतलं असतं. आता ते फोटो सरळ करायला म्हणून वाकले, चौकटीला हात लावला आणि तसेच थांबले. मग हात काढून घेतला आणि पलंगाच्या कडेवर जाऊन बसले. फोटोचं तोंड तिकडे आहे, ह्याचं त्यांना बरं वाटलं.