पन्नासातली पंचेचाळीस

डेल्बर्ट टॅकेट फेब्रुवारीत गेला, चर्चच्या पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकता टाकता. ऑक्टोबर उजाडला तरी नोरीनच्या डोळ्यांतून पाण्याचं टिपूस आलं नव्हतं. दफनाच्या दिवशी ती शेजारणींनी आणलेल्या चीज-बटाट्याच्या ट्रेंवर नावांच्या चिठ्ठ्या चिकटवत बसली होती, कुणाचा ट्रे कुणाला परत द्यायचा ते चुकू नये म्हणून. लोक म्हणाले, धीराची बाई. धीर कसला डोंबलाचा! आत काही हलतच नव्हतं. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर आपलाच गाल आपला राहत नाही, तशी ती सबंधच बधिर झाली होती.

तिची धाकटी बहीण जोलीन दर रविवारी जॉप्लिनहून फोन करायची आणि म्हणायची, अगं, एकदाची रड, आत साचलेलं बरं नाही. नोरीन म्हणायची, कपडे वाळत घालायचेत, ठेवते. फोन ठेवला की मात्र तिला भीती वाटायची. एक्केचाळीस वर्षं एका माणसाबरोबर काढली आणि तो गेल्यावर काहीच वाटत नाही, म्हणजे मग ती माया होती की नुसती सवय? हे ती कुणाला विचारणार? पाद्रीबुवांना विचारलं असतं तर त्यांनी प्रार्थना सांगितली असती, आणि प्रार्थना तिला पाठ होत्याच.

आपला दगड झालाय, असं तिला वाटायचं. दगड हा शब्द तिचाच होता. तिनं तो एकदा डेल्बर्टला मारला होता.

त्यांना मूलबाळ नव्हतं. पिकल नावाची एक कुत्री होती, एक कान वाकडा, बरणीतली खारवलेली काकडी चोरून खाणारी. खरं तर नोरीनचीच ती. एकोणीस वर्षांपूर्वी जानेवारीत जोलीनचं ऑपरेशन झालं म्हणून नोरीन जॉप्लिनला गेली, आणि पाठोपाठ बर्फाचं वादळ आलं. झाडं काचेची झाली, विजेच्या तारा तुटल्या, रस्ते बंद. चार दिवस ती तिथेच अडकून पडली. दुसऱ्या दिवशी डेल्बर्टचा फोन आला. बर्फानं जड झालेली फांदी पिकलच्या पाठीवर पडली, मी तिला तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरकडे नेलं, त्यांनी सुई दिली, ती शांत झोपली. एवढंच. नोरीन परत आली तेव्हा कुत्रीचा पट्टासुद्धा घरात नव्हता. मला विचारलं नाहीस, माझ्यासाठी थांबला नाहीस, नेऊन टाकून आलास, असं ती दिवसभर बोलत राहिली. त्याच्या उजव्या हाताला, अंगठा आणि बोटाच्या बेचक्यात, चांगली खोल चीर पडली होती. फांद्या कापताना करवत उसळली, म्हणाला. मलमपट्टी तिनंच केली, पण तोंडाचा पट्टा काही थांबला नाही.

"तुझ्या छातीत काळीज नाही रे डेल, दगड आहे दगड," ती म्हणाली होती.

त्यानं पट्टी बांधलेल्या हाताकडे बघितलं आणि म्हणाला, "असेल."

विषय तिथेच संपला, पण काटा राहिला. भांडण झालं की तो काटा नोरीनला हाताशीच सापडायचा. आता तिला वाटायचं, ज्याला दगड म्हटलं त्यानं जाता जाता तो आपल्याकडे देऊन टाकला की काय.

डेल्बर्ट मार्विन स्पीअर्सच्या बंदुकांच्या दुकानात तीस वर्षं काउंटरमागे उभा राहिला. दुकान टायरवाल्याच्या आणि पशुखाद्यवाल्याच्या मध्ये. दारावर त्याच्याच अक्षरातली पाटी: हत्यार रिकामं करून आत या, तोंड भरलेलं चालेल. त्याच्या पँटच्या उजव्या खिशात एक रिव्हॉल्व्हर असायचं, पाच गोळ्यांचं, आखूड नळीचं, दोन केळ्यांएवढंही वजन नसेल. कंपनीनं ते जेमतेम दोन वर्षं काढलं आणि बंद केलं. काढलं तेव्हा कुत्रंही विचारत नव्हतं. इतकं हलकं की गोळी झाडली की सगळा धक्का हातात. गिऱ्हाईक हौसेनं न्यायचं आणि आठवड्यानं परत आणायचं, सोबत काडतुसांची डबी. पन्नासांची डबी, आत पंचेचाळीस. डेल्बर्ट डबी मोजून हसायचा आणि म्हणायचा, पाचच झाडल्यास ना? सगळे पाचच झाडतात.

मग कंपनीनं उत्पादन थांबवलं आणि काय जादू झाली कोण जाणे. मेलेल्या म्हशीला मणभर दूध म्हणतात ना, तसं. ज्यांनी हात चोळत परत केलं तेच तीन-तीनशे मैल गाडी हाकून विचारायला येऊ लागले. याचा घोडा कवचाच्या आत आहे, खिशातून काढताना अडकत नाही. याच्या कुशीला ते किल्लीचं भोक नाही. पुढच्या सगळ्यांना कंपनीनं कुलूप बसवलं, आणि त्या भोकावरून या मंडळींचं जे डोकं फिरतं ते विचारू नका. आणि मुख्य म्हणजे हे आता मिळत नाही. डेल्बर्ट सगळ्यांना सांगायचा, हे वागवायचं हत्यार आहे, झाडायचं नाही. स्वतःचं त्यानं कधी झाडलं नाही, हे गावाला ठाऊक होतं.

नोरीनला त्या रिव्हॉल्व्हरचा वेगळाच राग होता. ते खिशाचं अस्तर खाऊन टाकायचं. दर तीन-चार महिन्यांनी ती त्याच्या पँटच्या खिशाला आतून गादीच्या कापडाचं ठिगळ लावायची आणि चडफडायची, अरे, घरात ठेव ना, इथे कोण येतंय तुला लुटायला? तो ऐकायचा आणि ऐकलं न ऐकलंसं करायचा. संध्याकाळी कॉफीचा मग घेऊन कुंपणापाशी अक्रोडाखाली जाऊन उभा राहायचा. तिथे त्यानं नदीवरून आणलेला एक चपटा दगड होता. त्यावर तिनं जिरेनियमची कुंडी ठेवली होती. मेला तासभर तिथे उभा राहील, पण कुंडीला घोटभर पाणी घालेल तर शपथ.

तर ऑक्टोबरात मार्विनचा फोन आला. मार्विन तिच्याहून पंधरा वर्षांनी लहान, डेल्बर्टनंच काम शिकवलेला. म्हणाला, स्प्रिंगफील्डचे एक फेंटन म्हणून आहेत, विम्यातून निवृत्त झालेत, तेच मॉडेल सात वर्षं शोधताहेत, पण न झाडलेलं पाहिजे. मला डेल्बर्टचं आठवलं. तुमची इच्छा असेल तरच हं, नोरीनबाई.

तिची इच्छाही नव्हती आणि अनिच्छाही नव्हती. घरातून एक वस्तू कमी होईल, एवढंच. कपाटाच्या वरच्या खणात ते रिव्हॉल्व्हर खिशातल्या चामडी म्यानात तसंच होतं, फेब्रुवारीत इस्पितळानं पिशवीत घालून दिलं होतं तसं. शेजारी काडतुसांची डबी. तिनं डबी उघडून मोजली. तीस वर्षं बंदूकवाल्याची बायको असल्यावर एवढं येतंच. पंचेचाळीस. पाच रिव्हॉल्व्हरमध्ये असणार. झाले पन्नास. म्हणजे एकही उडालेली नाही. तिनं मार्विनला तसं कळवून टाकलं, अगदी शब्द देऊन.

शनिवारी दुपारी ती दुकानात गेली. आत जाताना मार्विनला दारातूनच सांगितलं, भरलेलं आहे बाबा, मी उघडलं नाही, तुझ्याच हातानं उघड. पाटीचा मान राखायला हवा. फेंटन आधीच येऊन बसले होते. गोरेगोमटे, इस्त्रीचा शर्ट, खिशात पांढरे सुती हातमोजे आणि पेनाएवढी विजेरी. डेल्बर्टबद्दल ऐकून वाईट वाटलं म्हणाले, टोपी काढून म्हणाले. मग नजर म्यानाकडे गेली ती तिथेच राहिली. लग्नाची मुलगी बघायला आल्यासारखे दिसत होते.

डबी त्यांनी स्वतः मोजली. पंचेचाळीस झाल्यावर चेहरा उजळला. त्यांचा हिशेबही नोरीनसारखाच, या धंद्यातल्या कुणाचाही तोच. म्हणाले, सात वर्षांत चार पाहिली, चारही झाडलेली, लोक खोटं बोलतात हो. मार्विननं वाळूच्या पिंपाकडे नळी धरली, अंगठ्यानं खटका दाबला आणि गोळ्यांचं चक्र हळूच बाहेर काढलं. मग तो थांबला. चक्राची दांडी दाबून त्यानं सगळं हिरव्या कापडावर उतरवलं.

चार काडतुसं आणि एक रिकामी पुंगळी.

फेंटननी विजेरी लावली, एक काडतूस उचलून डबीतल्या काडतुसाशेजारी धरलं आणि मान हलवली. मार्विननं बाकीची तीन तशीच लावून बघितली. डबीतल्यांपेक्षा या चारांची शिशाची टोकं केसभर पुढे आलेली होती. हलक्या रिव्हॉल्व्हरचं तेच असतं. एक गोळी झाडली की धक्क्यानं उरलेल्या काडतुसांतल्या गोळ्या आपापल्या पुंगळीतून पुढे सरकतात. आणखी एकदोनदा झाडली तर टोक चक्राबाहेर येतं, चक्र अडकतं, आणि हत्यार ऐन वेळी दगा देतं. डेल्बर्ट हे प्रत्येक गिऱ्हाइकाला बोट रोखून सांगायचा. आणि ही चार त्यानं स्वतःच्या खिशात तशीच वागवली होती. पुंगळी आतून काळी पडून चक्राला धरून बसली होती, मार्विनला दांडी दोनदा दाबावी लागली होती. ही काही काल-परवाची नव्हती.

फेंटन हातमोजे काढू लागले. सभ्य माणूस, पण तोंड पडलं होतं. म्हणाले, मॅडम, तुमचा दोष नाही, तुम्हाला ठाऊक नसणार.

"एकदाच झाडलंय," मार्विन स्वतःशीच बोलल्यासारखा म्हणाला. "आणि ही काडतुसं किती जोराची! हाताची बेचकी फाटली असेल त्याची."

नोरीननं विचारलं, "कुठली बेचकी?"

मार्विननं आपला उजवा हात पुढे केला आणि अंगठा आणि बोटाच्या मधली कातडी दाखवली.

नोरीन त्या हाताकडे बघत राहिली. ती जागा तिला माहीत होती. तिनं तिथे आठ दिवस मलम लावलं होतं. करवत उसळली, म्हणाला होता. आणि तेव्हा पहिल्यांदा, एकोणीस वर्षांत पहिल्यांदा, तिच्या डोक्यात दोन साध्या गोष्टी शेजारी-शेजारी येऊन उभ्या राहिल्या. रस्ते बंद होते म्हणून ती चार दिवस जॉप्लिनला अडकली होती. मग त्याच रस्त्यांवरून तो पाठ मोडलेली कुत्री घेऊन तीस मैलांवरच्या डॉक्टरकडे गेला कसा?

गेलाच नव्हता. कुठे जाणार होता? अंगणात बर्फात पिकल पडली होती, किंचाळत असणार, फोन केला तरी कुणी येऊ शकत नव्हतं, आणि त्याच्या खिशात ते होतं.

मग ती परत आली आणि त्याला म्हणाली, दगड. आणि तो म्हणाला, असेल. सुई दिली, शांत झोपली, एवढं तिच्या वाट्याला ठेवून बाकीचं सगळं त्यानं खिशात घातलं आणि पुन्हा कधी उघडलं नाही. वर ती ठिगळं लावत राहिली आणि चडफडत राहिली.

फेंटन निघता निघता थांबले होते. न झाडलेलं नाही, पण मॉडेल दुर्मीळच, कमी भावात द्यायचं असेल तर ते विचार करतील म्हणाले. मार्विननं नोरीनकडे पाहिलं.

"विकायचं नाही," ती म्हणाली. "मार्विन, ही काडतुसं तुझ्याकडे ठेव. ती रिकामी पुंगळी दे मला."

मार्विननं रिकामं रिव्हॉल्व्हर म्यानात घालून दिलं, वर पुंगळी ठेवली. तिनं ते कोटाच्या एका खिशात ठेवलं आणि पुंगळी दुसऱ्या खिशात. एवढीशी वस्तू, तिचं वजनच लागत नव्हतं.

गाडी चालवताना तिला काही वाटलं नाही. नाक्यावर लाल दिवा लागला तर थांबली, हिरवा लागला तर निघाली. घरी आल्यावर आत गेलीच नाही. कोट अंगावर तसाच, ती अंगण ओलांडून कुंपणापाशी अक्रोडाखाली गेली. अक्रोडाची पानं गळून दगडाभोवती पडली होती. पिकल इथेच होती, या दगडाखाली. जानेवारीतली जमीन, लोखंडासारखी. कुदळीनं फोडायला त्याला किती वेळ लागला असेल, तो एकटा, बेचकी फाटलेल्या हातानं. आणि वसंतात नदीवरून दगड आणला, तर बायको म्हणाली, बरा आहे, कुंडीला होईल. त्यावरही तो हो म्हणाला.

"सांगायचं होतंस रे, डेल," ती मोठ्यानं म्हणाली. "मला सांगायचं होतंस."

मग तिला रडू आलं. छान दिसेल असं काही नव्हतं ते. नाक वाहत होतं, घसा चिरकत होता, आणि ती ओल्या पानांत गुडघ्यांवर बसून हुंदके देत होती. शेजारच्या शेतातल्या गाई माना वर करून बघत होत्या. त्याच्यासाठी किती आणि कुत्रीसाठी किती हे तिला सांगता आलं नसतं, आणि तिनं ते वेगळं केलंही नाही.

अंधारून आलं तेव्हा ती उठली. जिरेनियमची कुंडी दोन्ही हातांनी उचलून तिनं पायऱ्यांपाशी नेऊन ठेवली, आणि कोटाच्या बाहीनं दगड पुसून काढला.

कुंडी परत तिथे तिनं कधी ठेवली नाही.