कल्याणकरांच्या बाजूला

ठाण्याच्या मिशन शाळेचा फुटबॉल संघ मैदानात उतरला की सिल्वेस्टर ढोल वाजवायचा आणि विश्राम निशाण नाचवायचा. दोघे चेंदणीचे कोळी, एकाच होडीवरचे. एक किरिस्ताव, एक हिंदू. शाळेची पायरी दोघांनीही चढलेली नव्हती, पण त्या संघावर त्यांचा जीव होता. कल्याणच्या रेल्वेवाल्यांना शिव्या घालून घालून त्यांचे घसे बसत.

अठराशे ब्याण्णवच्या पावसाळ्यात संघासाठी ओरडणाऱ्या या टोळीचा किरिस्ताव म्होरक्या लिनो म्युनिसिपालिटीच्या निवडणुकीला उभा राहिला. आपल्या समाजाची ताकद त्याला गावाला दाखवायची होती. निशाणाखाली यापुढे फक्त किरिस्ताव उभे राहतील, असं त्याने ऐन सामन्याच्या दिवशी जाहीर केलं. विश्रामने सिल्वेस्टरकडे पाहिलं. सिल्वेस्टर खाली मान घालून ढोलाच्या दोऱ्या ताणत राहिला. मग विश्रामने निशाण लिनोच्या हातात दिलं आणि आपल्या आळीची माणसं घेऊन मैदानाच्या पलीकडे गेला.

सामना संपायच्या आधीच ठाणेकर ठाणेकरांवर दगड फेकू लागले. विश्राम डोळा धरून खाली बसलेला सिल्वेस्टरला दिसला. तरी त्याचे हात ढोलावर चालूच राहिले. का, ते त्याला पुढे बायकोलाही सांगता आलं नाही.

विश्रामचा डावा डोळा गेला. होडी सोडून तो कल्याणला रेल्वेत लागला. लिनो निवडून आला आणि पुन्हा मैदानाकडे फिरकला नाही. सिल्वेस्टर मात्र दर सामन्याला समोरच्या गर्दीत एकच चेहरा शोधायचा. गोल झालेलाही त्याला कळायचा नाही.

तिसऱ्या वर्षी तो चेहरा दिसला. ढोल शेजाऱ्याच्या गळ्यात अडकवून सिल्वेस्टर मैदानाला वळसा घालून गेला. कल्याणकरांनी त्याला अडवलं. विश्रामने त्याला येऊ द्यायला सांगितलं.

"त्या दिशी मी बोललो नाय रे," सिल्वेस्टर म्हणाला.

"म्हायती हाय. उभा र्‍हा. पन हितं उभा र्‍हायलास तर आमच्यासाठी वरडायचं."

तेवढ्यात कल्याणने गोल केला. सगळे उसळले. सिल्वेस्टरने तोंड उघडलं, पण आवाज फुटेना. विश्राम त्याच्याकडे बघत होता. रागाने नाही, हसूनही नाही.

सामन्यानंतर सिल्वेस्टर त्याच्यासोबत स्टेशनपर्यंत गेला. खाडीत यंदा जिताडा मासा लागतो का, विश्रामने विचारलं. लागतो, पण जाळं एकट्याला ओढवत नाही, असं सिल्वेस्टर म्हणाला. गाडी येईपर्यंत दोघे खाडीचंच बोलत राहिले. पुढच्या सामन्याला येशील का, हे विचारायचं दोघांचंही राहूनच गेलं.