सचमुच खेलिए

नव्या साहेबांनी सकाळी सात वाजता टेनिस खेळायला बोलावलंय, असा निरोप आला आणि जगन्नाथराव लघाटे माळ्यावरची जुनी रॅकेट शोधायला लागले. मुलाची बदली थांबवण्याचा अर्ज याच साहेबांच्या टेबलावर पडून होता.

"मामंजी, हरा बरं का," सून इंदुमती म्हणाली, "पण त्यांना कळू देऊ नका."

हे तिनं शिकवायचं! स्पर्धांमध्ये दुसऱ्या फेरीपलीकडे कधी न गेलेला हा गडी झाशीच्या रेल्वे क्लबात तीस वर्षं पगार घेऊन साहेब लोकांशी खेळला होता, आणि तो पगार मुळी हरण्याचाच होता. चेंडू रेषेबाहेर घालवायचा, पण बोटभरच. निवृत्तीनंतर आठ वर्षं रॅकेट हातात धरली नव्हती. हात नको तेव्हा जोरकस फटका मारून बसला तर?

पहिला सेट त्यांनी बेतानं सोडला, सहा-चार. दुसऱ्यात दोन-तीन गेम घ्यायचे, म्हणजे संशयाला जागा नको, असं ठरवलं. पण चेंडू जाळ्यात गेला. मग बाहेर. मग परत जाळ्यात. जगन्नाथरावांच्या पाठीवरून गार घाम ओघळला.

पाच-शून्य झालं तेव्हा साहेब जाळ्यापाशी आले. चेहरा लाल झाला होता.

"लघाटेजी, मुझे बच्चा समझा है? जानबूझकर हारने वालों से मुझे नफ़रत है. अब सचमुच खेलिए!"

"जी, साहब," म्हणत जगन्नाथराव चेंडू उचलायला वाकले. गेले पाच गेम ते सचमुचच खेळत होते.