राइलीचा नंबर पुसायचा होता

एप्रिलातल्या एका बुधवारी ओइवा बसमध्ये चढला. पायपुसण्यावर बूट नीट घासले, वाचून झालेली दोन पुस्तकं माझ्या टेबलावर ठेवली आणि म्हणाला, "फोनमधला नंबर कसा पुसतात?"

मी फिरत्या वाचनालयाची बस चालवते. म्हणजे गाडीही मीच हाकते आणि पुस्तकंही मीच देते-घेते. कागदोपत्री काम एवढंच. पण हल्ली लोक पुस्तकांबरोबर फोनही घेऊन चढतात. गावातली बँक बंद झाली, टपाल कचेरी बंद झाली, दुकान तर त्याआधीच गेलं. उरलो आम्ही दोघी, मी आणि बस. फोनचं मी कुठे काही शिकलेले नाही. माझ्याकडे चिकाटी आहे आणि एक जुना टूथब्रश आहे. निम्मे फोन टूथब्रशनेच बरे होतात.

"कुणाचा नंबर?" मी विचारलं.

"राइलीचा."

मी हातातलं पुस्तक खाली ठेवलं. ओइवाचा धाकटा भाऊ जाऊन कितीतरी वर्षं झाली, त्याचा नंबर अजून ओइवाच्या फोनमध्ये आहे, मी स्वतः पाहिलाय. आणि हा माणूस एका जित्याजागत्या बाईचा नंबर पुसायला निघाला होता.

राइली कुओपिओ शहरातली. शाळेच्या स्वयंपाकघरातून निवृत्त झालेली, विधवा. गेल्या उन्हाळ्यात तळ्याकाठच्या नाचाच्या मांडवात तिने ओइवाला नाचायला ओढलं, आणि तेव्हापासून दर शनिवारी ओइवा तिला फोन करतो. आंघोळीसाठी सौना पेटवायचा, ती वाफेची खोली तापायला तास लागतो, त्या तासात फोन. असा त्याचा नेम. ती सावो प्रांतातली. तिकडची माणसं बोलायला लागली की ऐकणाऱ्याने खुर्ची शोधावी. ओइवा आमच्या काइनू प्रांतातला. इथे एकदा सांगितलेली गोष्ट वर्षभर पुरते.

"भांडलात का?"

"नाही."

"मग?"

ओइवाने टोपी काढली. आमच्याकडे माणसाने टोपी काढली की समजायचं, आता एकापेक्षा जास्त वाक्यं येणार.

"ती बोलत नाही," तो म्हणाला. "फोन उचलते. पण बोलत नाही."

मला हसू फुटलं, ते मी खोकल्यात लपवलं. राइली बोलत नाही! हिवाळ्यात ती एकदा त्याच्याकडे आली होती तेव्हा बसमध्येही डोकावली. स्वयंपाकाचं एक पुस्तक चाळता चाळता तिने मला स्वतःचं पित्ताशय, बहिणीचा घटस्फोट आणि शाळेतल्या वाटाण्याच्या सूपची खरी कृती, सगळं सांगितलं. पुढच्या थांब्यावर माणसं बर्फात उभी होती.

"कधीपासून?"

"तीन शनिवार झाले."

"आणि तेवढा वेळ तू काय करतोस?"

"ऐकतो."

"काय ऐकतोस?"

"ती बोलत नाही ते."

"किती वेळ?"

"ती ठेवेपर्यंत. गेल्या खेपेला पाऊण तास झाला."

"पाऊण तास! अरे ओइवा, हॅलो म्हणायचं! काय झालं म्हणून विचारायचं!"

"कशाला टोचायचं कुणाला," तो म्हणाला. "माणूस गप्प आहे म्हणजे विचार करत असणार."

दुसऱ्या कुठल्या मुलुखातल्या माणसाने पहिल्याच मिनिटाला फोन हातावर आपटला असता. आमच्याकडे फोनमधून काहीच आलं नाही, तर पलीकडचा माणूस जरा खोल आहे असं वाटतं.

"आणि कसला विचार करत असेल ती?"

टोपी हातातल्या हातात एक फेरा फिरली. "मी विचारलं होतं. पहिल्या शनिवारी. इकडे राहायला येशील का म्हणून." मग खिडकीबाहेर बघत म्हणाला, "घाई करायची नव्हती मला. पण तीन शनिवार म्हणजे उत्तर आलंच. दिसतो तो नंबर सारखा. म्हणून पुसायचा."

सत्तर वर्षांच्या माणसाने असा प्रश्न विचारायला काय काय गोळा केलं असेल ते मला दिसत होतं. मी म्हटलं, "पुसू. पण आधी फोन बघते."

टूथब्रशने कानाजवळची भोकं साफ केली. आवाज वर-खाली केला. फोन बंद करून चालू केला. मग माझ्या फोनवरून त्याला लावला आणि तो पुस्तकांच्या दोन रांगांपलीकडे जाऊन उभा राहिला.

"ऐकू येतंय?"

"येतंय. ओरडू नकोस, तुइरे."

त्याचाही आवाज मला स्वच्छ आला. ओइवाने फोन खिशात टाकला आणि फार शांतपणे म्हणाला, "म्हणजे फोन चांगला आहे."

मला स्वतःचाच राग आला. माणसाकडे एक आशा होती, की फोन बिघडला असेल. ती मी टूथब्रशने घासून काढली होती.

"कॉफी पाजतोस?" मी म्हटलं. "माझी जेवणाची सुट्टी झालीच आहे. नंबर तुझ्या स्वयंपाकघरात बसून पुसू. अशी कामं उभ्याने करू नयेत."

बस त्याच्याच वळणावर उभी असते. अंगणात बर्फ अजून कोपऱ्याकोपऱ्यात काळवंडून पडला होता आणि मधोमध लाकडं फोडायचं यंत्र, भोवती बर्च झाडाच्या ताज्या फोडींचा ढीग. मे महिना लागायच्या आत लाकडं फोडून झाली नाहीत तर शेजारी काय म्हणतील, हा इथल्या प्रत्येकाचा घोर. बस येईपर्यंत तो तेच करत होता. पडवीत खिळ्याला त्याने जाकीट अडकवलं आणि आम्ही आत गेलो. थंडी आत येऊ नये म्हणून त्याने दार घट्ट लावलं.

कॉफी झाली. वेलदोड्याचा गोड पाव त्याने कापून पुढे ठेवला. फोन टेबलावर आमच्या मधोमध, एखादा आजारी पाहुणा असावा तसा.

"पुसायच्या आधी एकदाच," मी म्हटलं आणि इथूनच त्याला पुन्हा फोन लावला. का, ते मलाही सांगता आलं नसतं. जी गोष्ट एकदा करून उपयोग झाला नाही ती मी दुसऱ्यांदा करतेच. माझी सगळी विद्या एवढीच आहे.

ओइवाने फोन उचलला, कानाला लावला. "हं," म्हणाला. ते मला टेबलापलीकडून ऐकू आलं. फोनमधून नाही.

फोनमधून वेगळंच येत होतं. संथ, घोगरं, खालीवर होणारं. मी कान दाबून धरला.

"ओइवा, तू घोरतोयस का?"

"मी कॉफी पितोय."

खरंच पीत होता. तोंड मिटलेलं, डोळे माझ्यावर. आणि माझ्या कानात कुणीतरी मजेत घोरत होतं.

"तुला काय ऐकू येतंय?"

"काही नाही," तो म्हणाला. "राइलीसारखंच."

मी उठले. स्वयंपाकघर, मागची खोली, पलंगाखाली. कुठे कुणी नाही. मग पडवीचं दार उघडलं आणि माझ्या दोन्ही कानांत तोच आवाज एकदम आला, एकात फोनमधून, दुसऱ्यात समोरून.

पडवीतल्या बाकावर मंत्री झोपला होता. मंत्री म्हणजे ओइवाचा बोका. त्याच्या डोक्याखाली उशीला होती ओइवाची कानांवरची पिवळी झापडं, यंत्राच्या आवाजाने कान जाऊ नयेत म्हणून घालतात ती. एका वाटीत त्याने गाल टेकला होता आणि वाटीला लावलेला बोलायचा छोटा माइक बरोबर त्याच्या मिशांशी आला होता. झापडांवर एक निळा दिवा लुकलुकत होता.

"ही कुठून आणलीस?"

"शिकारी मंडळाने दिली. गेल्या महिन्यात, सत्तरीला," ओइवा माझ्या मागे येऊन उभा राहिला. "रेडिओ आहे त्यात. बातम्या ऐकतो."

"आणि फोनला जोडून कुणी दिली?"

तो आठवत राहिला. "मंडळातल्या पेंटीने काहीतरी केलं होतं. केक कापताना. म्हणाला, आता तू जंगलातूनही बोलशील. मी म्हटलं, जंगलात कुणाशी?"

मला आता सगळं लख्ख दिसत होतं. शनिवारी ओइवा लाकडं फोडतो, झापडं पडवीत बाकावर टाकतो, बंद करायला विसरतो. सौना पेटवून स्वयंपाकघरात बसतो आणि फोन लावतो. फोन बिचारा ब्लूटूथचा शब्द पाळतो, राइलीचा सगळा आवाज पडवीत नेऊन झापडांत ओततो. इकडे ओइवा टेबलाशी बसून मुक्या फोनमध्ये जे काही बोलतो ते कुणालाच जात नाही. राइलीला जातो तो मंत्री. आणि बस पडली लांब, तिथे ब्लूटूथचा हात पोचत नाही, म्हणून तिथे फोन शहाण्यासारखा वागला.

हे मी त्याला दोनदा सांगितलं. दुसऱ्यांदा सांगताना तो बाकावर बसला, बोक्याच्या शेजारी.

"म्हणजे ती बोलत होती," तो म्हणाला.

"पाऊण तास."

"काय बोलत होती?"

"ते मंत्र्याला विचार!"

तो हसला नाही. "आणि मी विचारलेलं?"

"ते तिच्यापर्यंत गेलंच नाही, ओइवा."

मी झापडांचं बटण दाबलं, निळा दिवा विझला. फोनमधलं ब्लूटूथही बंद केलं आणि फोन त्याच्या हातात दिला. "लाव."

"आज बुधवार आहे."

"लाव म्हणते ना!"

त्याने लावला, पण मागच्या तीन शनिवारांच्या धास्तीने फोन कानापासून वीतभर लांब धरला. मग मीच स्पीकरचं बटण दाबलं. कान झाकून घेतले असं मी म्हणणार नाही.

"ओइवा?" राइलीचा आवाज पडवीभर झाला. "बुधवारी? कोण गेलं?"

"कुणी नाही."

"मग काय झालं? थांब, मी खोक्यावरून उतरते. घरभर खोकी आहेत नुसती. घरमालकाला मी कळवून टाकलं, मेअखेर घर सोडते म्हणून. तुला सांगितलंच होतं मागल्या शनिवारच्या आधीच्या शनिवारी, की मी तुझ्याकडे यायचं म्हणते, आणि तुझी काही हरकत असेल तर आत्ताच बोल. तू बोलला नाहीस. मी थांबले होते चांगली, माझ्या मानाने फारच थांबले. आणि तू कसा ऐकत होतास, ओइवा! एरवी मध्येच ट्रॅक्टरचं काहीतरी काढतोस. या तीन शनिवारी मी सगळं सांगितलं, आयुष्यात कुणाला सांगितलं नाही तेही, आणि तू नुसता शांत श्वास घेत होतास. मी बहिणीला म्हटलं, असा ऐकणारा पुरुष मी पाहिला नाही."

ओइवाने बोक्याकडे पाहिलं. बोक्याने एक डोळा उघडला आणि मिटला.

मी जोरजोरात मान हलवत होते. गप्प बस, अशी खूण करत होते. बाई येतेय, खोकी भरतेय, आणखी काय हवं तुला! आयुष्यभर जे तुला उत्तम जमलं तेच आता कर.

"तो बोका होता," ओइवा म्हणाला.

"काय?"

"श्वास. मी नव्हतो. बोका होता." आणि त्याने तिला सगळं सांगितलं, झापडं, पेंटी, केक, निळा दिवा. इतकं लांब मी त्याला कधी बोलताना ऐकलं नव्हतं.

पलीकडे शांतता. इतकी, की मी वाकून फोनवर सेकंद पळताहेत ना ते पाहिलं. पळत होते.

"म्हणजे माझ्या आईचं," राइली सावकाश म्हणाली, "ते सगळं मी बोक्याला सांगितलं."

"हं."

"आणि घर सोडलं ते बोक्याच्या परवानगीने."

"हं."

"आणि तू? तू काय करत होतास तेवढा वेळ?"

"तुला विचारत होतो. येशील का म्हणून. पहिल्या शनिवारी."

"मग मी काय म्हणाले?"

"काही नाही."

"आणि पुढचे दोन?"

"थांबलो होतो. तू ठेवेपर्यंत."

"काहीच ऐकू येत नसताना?"

"तू होतीस ना तिकडे," ओइवा म्हणाला.

राइलीने नाक ओढल्यासारखा आवाज केला. मग ती, सरळ हो-नाही कधी न म्हणणारी सावोची बाई होऊन म्हणाली, "येईन असंही म्हणत नाही, येणार नाही असंही म्हणत नाही. खोकी भरायची थांबवते. मला कुणी विचारलेलं नाही अजून. विचार, मग बघू."

ओइवाने माझ्याकडे पाहिलं, बोक्याकडे पाहिलं, पडवीच्या खिळ्यांकडे पाहिलं.

"शनिवारी," तो म्हणाला.

मी पुढच्या थांब्यावर चांगलीच उशिरा पोचले. उभ्या असलेल्यांना म्हटलं, तांत्रिक बिघाड. कुणी काही विचारलं नाही, आमच्याकडे विचारत नाहीत.

तो शनिवार मी घरी बसून काढला, आणि खरं सांगायचं तर फोन जवळ घेऊनच बसले होते. माझा काय संबंध होता, देव जाणे. कुणाचा फोन आला नाही. पुढच्या बुधवारी ओइवाच्या वळणावर कुणीच उभं नव्हतं. त्याच्या धुराड्यातून धूरही नव्हता. त्याच्या पुढच्या बुधवारी बस थांबायच्या आतच दार वाजलं, आणि राइली चढली, हातात फडक्यात गुंडाळलेला आख्खा कालाकुक्को, राय नावाच्या धान्याच्या भाकरीत मासे भरून रात्रभर भाजलेला, अजून ऊबदार.

"हा तुला. टूथब्रशचा," ती म्हणाली.

"विचारलं का त्याने?"

ती पुस्तकांमधल्या छोट्या शिडीवर बसली. मी इंजिन बंद केलं, आता वेळ जाणार होता.

"शनिवारी सकाळीच बसने कुओपिओला आला. सूट घालून. माझ्या स्वयंपाकघरात बसला. मी कॉफी केली, तो प्यायला. मी आणखी केली, तीही प्यायला. मी एक शब्द बोलले नाही, तुइरे, जीभ चावून बसले होते, मला ताप येतो की काय असं वाटलं. शेवटी तो उठला, बाल्कनीत गेला आणि दार लावून घेतलं. मला वाटलं, पळायची वाट शोधतोय. तिसरा मजला आहे माझा."

"आणि?"

"आणि माझा फोन वाजला."

बाहेर अंगणात ओइवा लाकडं फोडत होता, कानांवर पिवळी झापडं. निळा दिवा लागलेला नव्हता, मी इथूनच वाकून पाहिलं. बाकावर मंत्री जुन्या स्वेटरवर डोकं ठेवून झोपला होता.

"मी उचलला," राइली म्हणाली. "त्याने विचारलं. काचेतून त्याची पाठ दिसत होती. मी हो म्हटलं, आणि पाठ तशीच. दार उघडून ओरडले, ओइवा, ऐकू आलं का रे?"

"मग काय म्हणाला?"

"म्हणाला, आलं. जरा थांब, ऐकतोय."