राहीची काडी

"ठेवा तिथंच," मथुरा माझ्याकडे न बघता म्हणाली. "देवापाशी हाय तशी राहू द्या."

मी गोळ्यांचं पाकीट पुन्हा देव्हाऱ्यात ठेवलं. डॉक्टरांकडून आल्यापासून ते तिथंच होतं. आमच्या घरात देवांचीसुद्धा एवढी बडदास्त नाही.

मथुरा पाटावर सरगुंडे वळत होती. कणकेची सुतासारखी वळी काढायची, बारीक काडीवर गुंडाळायची, पाटावर तळवा फिरवायचा आणि काडी अलगद ओढून घ्यायची. मागे राहतं ते पोकळ, नक्षीचं सरगुंडं. बाजेवर अंथरलेल्या धोतरावर ते वाळत होते. आमच्या बोथ गावात आमरसाबरोबर सरगुंडे नाहीत असा उन्हाळा जात नाही, आणि मथुराच्या हातचे खाल्ले नाहीत असं घर आमच्या गल्लीत नाही. बायकोचं कौतुक करतोय असं वाटेल. करतोयच.

तिच्या छातीतली गाठ लहान असतानाच सापडली. ऑपरेशन झालं, किरणांचे शेक झाले. सुटलो म्हणून मी पेढे घेऊन गेलो, तर आदिलाबादच्या डॉक्टरीणबाईंनी पेढा खाता खाता ही गोळी लिहून दिली. असली गाठ बाईच्या अंगातल्या हार्मोनवर पोसते. ते कमी करायला रोज एक गोळी, पाच वर्षं. आजार परतायची भीती बरीच कमी होते, पण सांधे धरतात, सकाळी बोटं आखडतात, अंगातून वाफा निघतात. हे सगळं समजावून त्या म्हणाल्या, "फैसला आपका है अम्मा. सोच के बोलो."

मी जन्मभर तहसील कचेरीत होतो. फैसले वरून खाली येताना पाहिले. असा कुणाच्या पदरात टाकलेला मी पहिल्यांदाच पाहत होतो.

"मंजूर म्हून टाक ना अवं," मी म्हणालो.

"तुमचा शिक्का कचेरीत चालत होता. माह्या आंगावर नाही चालत."

"भेव नाही वाटत तुले?"

"वाटते ना. पर बोटंच गेली तं करू काय मी? तुमच्या तोंडाकडे पाहत बसू?"

माझं तोंड तेवढ्या कामाचं नाही हे मलाही ठाऊक आहे.

पूर्वी या पाटासमोर राहीबाई बसायची. शेजारचीच. सकाळी मळ्यातली भाजी बाजारात विकायची आणि दुपारी आपल्या काड्या पदरात बांधून यायची. कुणाचं सरगुंडं बारीक यावरून दोघी भांडायच्या. मी कचेरीतून आलो की एकदम गप्प, आत गेलो की खिदळायच्या. कशाला, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. त्या दुपारी मला अजून हव्याशा वाटतात.

हंगाम संपला की दोघी एकेक काडी एकमेकींना द्यायच्या. "पुढच्या साली आनून दे," म्हणायच्या. म्हणजे पुढच्या साली बसायचं नक्की. एका वर्षी राहीची काडी आमच्याकडे आली ती राहूनच गेली. तिलाही छातीतच गाठ होती. पोरीचं लगन होऊ दे, म्हणत तिने ती झाकून ठेवली. दवाखान्यात पोचली तेव्हा डॉक्टरांच्याही हातात काही उरलं नव्हतं.

संध्याकाळी कणीक संपली. मथुराने देवाच्या तसबिरीमागून राहीची काडी काढली आणि ती घेऊन बसून राहिली.

"राहीले कोनी इचारलंच नाही," ती म्हणाली.

"काय?"

"गोळी घेतं का नाही घेत म्हून. मले इचारून राह्यले, अन् मी नखरे करून राह्यली."

मग ती रडली. मीही रडलो, लपवत नाही. तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "आना ते पाकीट."

"आज चतुर्थी हाय. तुया उपास."

"साबुदाना चालते तं गोळी काऊन नाही चालत?"

ही गेल्या उन्हाळ्यातली गोष्ट. आता रोज सकाळी पाकिटातली गोळी मी काढून देतो, तिच्या बोटांनी ती निघत नाही. डॉक्टरीणबाईंनी मध्ये गोळी बदलून दिली. थोडा फरक पडला, थोडाच.

या उन्हाळ्यात ती पाटापाशी बसली. वळी तुटली. पुन्हा काढली, काडी निसटली. तिने काडी खाली ठेवली आणि हात मांडीवर घेतले. मला तिच्याकडे बघवेना. मी उगाच बाज सावलीतून उन्हात ओढली.

तेवढ्यात राहीची लेक उत्कर्षा आपल्या काड्या घेऊन आली. गावातच दिलेली आहे ती. आईच्या जागी मांडी घालून बसली.

"मावशी, तुमी सांगा. मी करते."

तिचे सरगुंडे करंगळीएवढे जाड होत होते. "हे सरगुंडं हाय का मुसळ?" मथुरा ओरडली. राही नेमकं हेच म्हणायची. दोघी हसल्या, मी आत गेल्यावर जरा जास्तच.

ऊन उतरल्यावर मथुराने राहीची काडी तिच्या हातात दिली. "तुह्या मायची हाय."

उत्कर्षाने ती फिरवून फिरवून पाहिली, डोळे पुसले, पदरात बांधली. मग स्वतःची एक काडी मथुराच्या तळव्यावर ठेवली आणि तिची आखडलेली बोटं एकेक करून, दुखणार नाहीत अशी, त्यावर मिटवली.

"पुढच्या साली आनून द्या, मावशी."

"देईन ना," मथुरा म्हणाली.