उसनी वीज

"फ्यूज दखा का?" चुनीलालभाईंनी विचारले.

"दखा ना, भाई. तुम्हना समोरच तर काढा."

"मंग चालू काबरं व्हत नही?"

"तेच दखी ऱ्हायनू."

वाहरूने चार्जरचे बटण पुन्हा खाली केले. एरवी बटण दाबले की त्या लोखंडी पेटीतून 'टक्' असा आवाज येई, मग भुणभुण सुरू होई आणि काचेमागचा काटा हळूहळू वर सरके. आज आवाज आला नाही. काटाही जागचा हलला नाही.

नंदुरबार स्टेशनच्या रस्त्यावर, मिरचीच्या वखारीला लागून वाहरूचे बॅटरी चार्जिंगचे दुकान होते. सन त्रेसष्टची गोष्ट. खेड्यांत अजून वीज पोहोचली नव्हती. पंचायतींचे रेडिओ बॅटरीवर चालत, आणि बॅटरी उतरली की कोणीतरी ती पोत्यात गुंडाळून बसने नंदुरबारला आणी. प्रकाशा आणि आसपासच्या अकरा गावांच्या बॅटऱ्या कोणाकडे द्यायच्या, हे प्रकाशाचे चुनीलालभाई ठरवत. वाहरूचे निम्मे काम त्या अकरा गावांचे होते.

चुनीलालभाईंनी स्टूल इतके पुढे ओढले होते की त्यांचा गुडघा त्यांनी आज स्वतः आणलेल्या पंचायतीच्या बॅटरीला टेकत होता. बॅटरीच्या बुडाशी त्यांनी खिळ्याने एक खूण कोरलेली होती. ती कुठे आहे हे वाहरूला ठाऊक होते, पण ती दिसल्याचे त्याने कधी दाखवले नव्हते. सगळीच गिऱ्हाइके अशा खुणा करीत. कोणी रंगाचा ठिपका देई, कोणी दोरा बांधी. दोन वर्षांपूर्वी एका तंबू-सिनेमावाल्याने, वाहरूने आपली नवी बॅटरी बदलून जुनी दिली, असा भर बाजारात आरडाओरडा केला होता. पुढे कळले, की ती त्याच्याच ड्रायव्हरने विकली होती. पण हे दुसरे सांगायला बाजारात कोणी उभे राहिले नाही. खुणा मात्र तेव्हापासून वाढल्या.

वाहरूने तपासणीचा दिवा भिंतीच्या सॉकेटला लावला. दिवा पेटला. म्हणजे वीज येत होती. चार्जरची वायर त्याने या टोकापासून त्या टोकापर्यंत चाचपली. चिमट्यांवर साचलेला हिरवट क्षार सोड्याच्या पाण्याने धुऊन पुसला. बटण दाबले. काही नाही.

"काल संध्याकाळले तो गिरधर आठेच बठेल व्हता ना?" चुनीलालभाई म्हणाले. "मी बसमाईन दखं."

वाहरूचा हात थांबला. बसस्टँडजवळचा गॅरेजवाला गिरधरही बॅटऱ्या चार्ज करी, आणि काल तो विडी ओढायला आला होता खरा. वाहरू पाणी आणायला आत गेला तेव्हा तो एकटाच होता. वाहरूने पेच काढून पेटीचे झाकण उघडले. प्रत्येक तार जिथल्या तिथे होती. कुणी हात लावल्याची निशाणी नव्हती. वाहरूला स्वतःचीच लाज वाटली. लोक आपल्याबद्दल जे करतात तेच आपण आत्ता गिरधरबद्दल केले.

झाकण उघडलेच होते, म्हणून तो नीट पाहत बसला. पेटीच्या कोपऱ्यात एक लोखंडी जीभ होती. ती खाली ओढली गेली की 'टक्' वाजे आणि वीज पुढे जाई. तिला ओढणाऱ्या वेटोळ्याची तार त्याने बोटाने धरून मागे मागे नेली. ती भिंतीच्या विजेकडे जात असेल असे तो आजवर समजत होता. ती निघाली बॅटरीकडे. म्हणजे जीभ ओढायचे बळ बॅटरीतूनच यायला हवे. बॅटरीत थोडी तरी धुगधुगी असली तर चार्जर चालू होणार, अगदीच नसली तर नाही.

त्याने चुनीलालभाईंच्या बॅटरीला व्होल्टमीटर लावला. काटा शून्यावरच राहिला.

"भाई, रेडिओ कोनी चालूच ठेवा व्हता का?"

"म्हन्जे मन्हावरच घाली ऱ्हायना का तू? रेडिओनी खोलीनी चावी मन्हाकडेच ऱ्हास!"

"तसं नही, भाई. मशीन बरं शे. तुम्हनी बॅटरी बेसुध शे. एक जिती बॅटरी हिना संगे दहा-पंधरा मिनिट जोडी, का चार्जर चालू व्हई."

चुनीलालभाईंनी फळीकडे बोट केले. बाजार होऊन गेला होता, लोक आपापल्या बॅटऱ्या घेऊन गेले होते. फळीवर एकच उरली होती.

"मंग ती काय शे?"

"ती दवाखानानी शे. तळोदाकडला नर्सबाईनी. बारानी गाडीवर त्या येतीन. त्यासले इचारसू."

"दहा मिनिटनं काम! इचारानं काय? कोन दखी ऱ्हायनं?"

"तुम्हीच दखी ऱ्हायनात ना, भाई."

चुनीलालभाई हसले नाहीत. "समजनं माले. मी चहाले उठसू, अन् तू तितलामा..." चहा त्यांनी तिथेच मागवला आणि एक पाय बॅटरीवर ठेवून प्यायला.

बाराची गाडी सव्वा वाजता आली. नर्स सरलाबाई धुळीने माखून दुकानात शिरल्या. वाहरूने सगळे सांगितले.

"माझी किती उतरेल?"

"थोडीशी, बाई."

"थोडीशी म्हणजे किती? एका बाईचे दिवस भरलेत. टेबलावरचा दिवा मधेच गेला तर मी काय कंदिलावर टाके घालू?"

"पहिले मोजू," वाहरू म्हणाला. त्याने काचेची नळी बॅटरीत बुडवून तेजाब वर ओढले आणि आतली तरंगती कांडी कुठल्या रेघेवर आहे ते त्यांना दाखवले. कांडी जितकी वर, तितकी बॅटरी भरलेली. सरलाबाईंनी वाकून पाहिले.

"लावा. पण मी इथेच उभी राहते."

दोन्ही बॅटऱ्या शेजारी ठेवून वाहरूने तारा जोडल्या आणि बटण दाबले.

टक्.

भुणभुण सुरू झाली. काटा वर चढला. पंधरा मिनिटांनी वाहरूने सरलाबाईंची बॅटरी सोडवली, तरी भुणभुण चालूच राहिली.

"म्हन्जे इलाज तुले माहित व्हता," चुनीलालभाई म्हणाले. "सकायपासून फुकट बठाडी ठेवं माले."

"माले बी आजच कयनं, भाई."

"आठ महिनापासून मशीन तुन्हं, अन् आजच कयनं? सोड ती. दोननी गाडी शे. जाता जाता गिरधरकडे ठेवसू. अन् बाकीना गावसले बी सांगी देसू."

गिरधरचा चार्जर याच बनावटीचा होता, दोघांनी सुरतेच्या एकाच व्यापाऱ्याकडून आणलेला. सकाळी तिथे नेली असती तर तिथेही हाच तमाशा झाला असता. आता मात्र बॅटरी जागी झाली होती. गिरधरच्या दुकानात ती पहिल्या दाबाला लागणार होती, आणि अकरा गावांना तेवढेच दिसणार होते.

वाहरूच्या ओठांवर हे आले होते. पण आत्ता बोललो तर ही आणखी एक चलाखी वाटेल, हेही त्याला कळत होते. त्याने बटण बंद केले, चिमटे काढले, बॅटरीची बुचे घट्ट बसवली आणि वरचा ओलावा पुसून ती पोत्यात ठेवली.

"उभीच धरा, भाई. आडवी व्हयनी ते तेजाब सांडी. धोतर जयी जाई."

चुनीलालभाईंनी हमालाला हाक मारली आणि त्याच्या मागोमाग, पोत्यावर नजर ठेवून, ते निघून गेले.

"द्या माझी," सरलाबाई म्हणाल्या. "परतीची गाडी लागली असेल."

वाहरूने नळी पुन्हा बुडवली. कांडी मघापेक्षा केसभर खाली होती.

"जितलं व्हतं तितलं करी देस, बाई. मंग लई जा."

"एवढ्यानं काय होतंय?"

त्याने त्यांची बॅटरी जोडून बटण दाबले. काटा चढू लागला. मग समोरचा काटा दिसेल अशा बेताने त्याने स्टूल फिरवले, त्यावरची मिरचीची धूळ खांद्यावरच्या फडक्याने पुसली, आणि सरलाबाई बसल्यावर त्यांच्या नजरेच्या आड येऊ नये म्हणून तो भिंतीशी सरकून उभा राहिला.