आणखी सहा वर्षं

"हसा बघू, सार्जंट."

"तेवढं सोडून काहीही सांगा, डॉक." सार्जंट बोयेटनं तोंडावरचा हात काढलाच नाही.

कॅप्टन डेल्फी हॅस्केटनं आरसा खाली ठेवला. लष्करी सरावातल्या एका स्फोटात बोयेटचा खालचा जबडा डाव्या बाजूनं गेला होता. हाड जोडलं होतं, जखमही भरली होती. पण चेहरा वाकडा झाला तो झालाच. आता तो भिंतीकडे तोंड करून जेवतो, असं त्याच्या बायकोनं तिला सांगितलं होतं. दात काढणं, दात भरणं डेल्फीला येत होतं. ह्यापुढचं येत नव्हतं.

तो गेल्यावर तिच्या वरिष्ठ, कर्नल प्रुएट मॅडम, दारात उभ्या राहिल्या.

"टेक्सासहून यादी आलीय. नाव लागलंय तुझं. कृत्रिम दात आणि जबडे, तीन वर्षांचं शिक्षण."

"आणि नंतर?"

"नंतर तीन वर्षं सैन्याची. नियम तुला ठाऊक आहे. सोमवारी सही हवी."

सैन्याच्या शिष्यवृत्तीवरच ती दातांची डॉक्टर झाली होती. शिक्षणाची चार वर्षं त्यांची, म्हणून नोकरीची चार वर्षंही त्यांची. ती येत्या जूनमध्ये संपत होती. त्यानंतर केंटकीच्या डोंगरात, आपल्या गावी दवाखाना टाकायचा, असा शब्द तिनं वडिलांना दिला होता.

शनिवारी सात तास गाडी हाकत ती घरी पोचली. ऑर्व्हिल हॅस्केट ओसरीवर वाटच बघत होते. तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढलेला माणूस. चार पावलं चालले की छाती वाजायची.

"जेवण नंतर. आधी चल माझ्याबरोबर."

रस्त्यापलीकडच्या बंद दुकानाचं कुलूप त्यांनी काढलं. आत भिंतींना नवाकोरा फिकट हिरवा रंग होता.

"डॅडी, हा कुणी दिला?"

"मी. दिवसाला अर्धी भिंत. दम लागला की बसायचो. आणि खुर्च्या बघ, बंद पडलेल्या चर्चमधल्या. पेशंट बसला की देवाचं नाव आपोआप घेईल!"

ते स्वतःच्याच विनोदावर खोकेपर्यंत हसले. डेल्फी खिडकीकडे वळली.

जेवायला घेवड्याची उसळ आणि मक्याचा पाव होता. दातांची कवळी ढिली झाल्यामुळे ऑर्व्हिल ती खिशात ठेवून, पाव दुधात कुस्करून खात होते. तिनं त्यांना सार्जंट बोयेटचं सगळं सांगितलं. यादीचं नाही.

"असले जबडे बनवायला शिकवतात कुठं?"

"टेक्सासला."

"मग जा की."

"नाव लागलंय माझं, डॅडी. सोमवारी सही द्यायचीय. पण तीन वर्षं शिकायचं. आणि त्यापोटी तीन वर्षं नोकरी. सहा वर्षं!"

त्यांनी चमचा खाली ठेवला.

"खाणीत माझ्या पाळीत व्हर्लिन होता," ते म्हणाले. "छत कोसळलं, त्यात अर्धा चेहरा गेला त्याचा. अकरा वर्षं घराबाहेर पडला नाही. मी दर शनिवारी पायरीवर डबा ठेवायचो. एकदा दाराआडून म्हणाला, 'ऑर्व्हिल, आज आत ये ना.' मी म्हटलं, 'घाई आहे रे.'"

डेल्फीनं हातातला पावाचा तुकडा ताटात परत ठेवला.

"कसली डोंबलाची घाई? बघवणार नाही म्हणून पळालो. त्याच हिवाळ्यात वारला तो." त्यांनी डोळे पुसले. "सही कर, पोरी."

"आणि तुमचं काय? तुमची छाती..."

"मी असेन तर असेन. नसेन तर तू काय इथं बसून माझा श्वास घेणार आहेस?"

"ती खोली?"

"शेजारच्या लुएलाला शिवणकामाला जागा हवीय. हिरवा रंग तिला चालेल. नाही चालला तर तिनं पुसावा, मी नाही पुसणार."

रविवारी सकाळी, स्वयंपाकघरातल्या टेबलावर, तिनं सही केली. मग गाडीतून मापाचं सामान आणलं.

"बसा खुर्चीत. टेक्सासला जायच्या आधी तुमची नवी कवळी करणार आहे."

"आत्ता? थांब मग." ते आत गेले, दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून आले. उजेडाकडे तोंड करून बसले, डोळे मिटले आणि तोंड उघडलं. मापाचा गार लगदा टाळूला लागताच ते दचकले.

"नाकानं श्वास घ्या, डॅडी. दोनच मिनिटं."

त्यांनी चाचपडत तिचं मनगट धरलं. त्या बोटांवर कोळशाचे निळे व्रण उमटलेले होते. श्वास अडखळे, पुन्हा लागे.

दोन मिनिटं होऊन गेली. लगदा कधीच घट्ट झाला होता. तिनं माप अलगद काढून घेतलं. पण मनगट त्यांनी सोडलं नाही, आणि तिनंही ते सोडवून घेतलं नाही.